जमीन गेल्यावर वीजतंत्र्याचा धंदा

पुणें शहर वाढत आहे आणि कडेची शेतजमीन त्याच वेगानें घटत आहे. हडपसर येथें मगर मंडळींच्या शंभरांहून अधिक कुटुंबांनीं सुमारें ४०० एकर जमीन एकत्र करून २००० सालापासून तीवर नगर वसविलें. त्यांतील पुष्कळ जण बांधकामाचे पुरवठादार व कंत्राटदार झाले. परंतु ज्यांचे चार-पांच एकर तुकड्यातुकड्यांनीं विकले गेले, त्यांनीं काय करावें?

अशा बांधवांनीं वीजतंत्र्याच्या धंद्याचा विचार करावा, असें आम्हांस वाटतें. औंध येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवितात. विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण असावें लागतें. वयास वरची मर्यादा नाहीं.

विहिरीवरील मोटार सांभाळणाऱ्यास तिचा आवाज ओळखतां येतो. पण तीनपैकीं एक फेज गेल्यास गुंडाळी कां जळते, अर्थिंग कशासाठीं, हें शिकूनच कळतें. डीपीवरचा फ्यूज स्वतः बदलावयास जाऊन प्राणास मुकलेले शेतकरी थोडे नाहींत. शिवाय नियमानें वायरिंगचें काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावें लागतें; त्या मार्गाची पहिली पायरी म्हणजे प्रमाणपत्र.

चाळिशींत पोरांच्या बांकावर बसण्याचा संकोच वाटेल, दोन वर्षें मिळकतही थांबेल. म्हणून जमिनीचा पैसा हातीं येतांच दोन वर्षांचा घरखर्च आधीं बाजूस काढावा. मोटारगाडी मागाहून घ्यावी. विकलेलें रान परत येत नाहीं, शिकलेली विद्या मात्र कोणी विकत घेऊन नेत नाहीं.