निंबोळी तेलाची फवारणी: पाइप किती जाड हवा?
मुंबई हायचे कच्चे तेल समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात येते. तेलविहिरीतून तेलासोबत पाणीही निघते. असे मिश्रण वाहताना वेग कमी पडला, की पाणी तळाशी बसते, तेल वर राहते आणि पाइपचा तळ गंजू लागतो. निंबोळी तेल फवारताना वेगाचा हाच नियम आपल्या पाइपलाही लागू होतो.

मिनिटाला 10 लिटर द्रावण जात असेल, तर 10 मिमी आतील व्यासाच्या पाइपात वेग सेकंदाला सुमारे 2 मीटर असतो. 20 मिमीच्या पाइपात जेमतेम अर्धा मीटर. मंद प्रवाहात मिश्रण नीट घुसळले जात नाही, तेलाचे थेंब एकत्र येतात. मग काही झाडांना नुसते पाणी मिळते, तर काहींची पाने जादा तेलाने करपतात.

फार बारीक पाइपही नको. व्यास निम्मा केला, तर घर्षणामुळे होणारी दाबाची घट सुमारे 30 पट वाढते आणि नोझलपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही.

काय करावे?
• पंपासाठी शिफारस केलेल्या मापाचाच पाइप वापरा.
• तेल आधी साबणाच्या पाण्यात घोटून मगच टाकीत ओता आणि टाकी सतत ढवळा.
• मध्ये थांबलात, तर पाइपातले द्रावण टाकीत परत सोडा, ढवळा आणि मगच फवारणी सुरू करा.