पिलांचा हिशेब

शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबाने कुत्रा पाळावा, यात आता नवल राहिलेले नाही. दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत लॅब्राडॉर किंवा पामेरियन जातीची कुत्री घरच्या माणसासारखी वाढते आणि ती वयात आली की एक प्रश्न हटकून पुढे येतो : हिला एकदा पिले होऊ द्यावीत काय? शेजारी म्हणतात, एकदा व्याल्यावाचून मादीची प्रकृती नीट राहत नाही. स्नेही म्हणतात, जातिवंत पिलांना पैसेही बरे मिळतात. यातील पहिले म्हणणे शास्त्राला धरून नाही आणि दुसरे बहुधा अपुऱ्या हिशेबावर आधारलेले असते.

एकदा पिले झाल्याने मादीच्या आरोग्याला काही लाभ होतो, असे पशुवैद्यक मानत नाही. उलट, वेळीच शस्त्रक्रिया करून प्रजनन थांबवल्यास गर्भाशयात पू होण्याचा धोका जवळजवळ टळतो आणि स्तनाच्या गाठींचा धोका कमी होतो.

आता हिशेब पाहू. सात-आठ पिले आणि प्रत्येकी अमुक हजार रुपये, हा गुणाकार सोपा आहे. पण तो जमेच्या बाजूचा. खर्चाची बाजू मीलनापूर्वीच सुरू होते. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात उतरतो. म्हणून नर-मादी दोघांचीही क्ष-किरण तपासणी आणि डोळ्यांची तपासणी व्हावयास हवी. वंशावळीचा कागद म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे. गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा. प्रसूती अडली तर शस्त्रक्रिया आणि तीही अनेकदा अपरात्री. पहिले दोन आठवडे पिलांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. अशक्त पिलाला दर दोन-तीन तासांनी दूध पाजावे लागते. पुढे वरचे अन्न, जंतांचे औषध आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लसी. ही सारी मेहनत बहुधा घरातील गृहिणीच्या वाट्याला येते. तिला वेतन नसते, म्हणून ती हिशेबात शून्य धरली जाते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजदादीतून घरकाम वगळले जाते, त्याच जातीची ही चूक. हे श्रम आणि मादीच्या जिवाची जोखीम जमेस धरली, तर नफ्याचा आकडा पुष्कळदा उरतच नाही.

काही खर्च तर दुसऱ्यांच्याच माथी पडतो. चौकशी न करता दिलेले पिलू मोठे झाल्यावर नकोसे होते, एखाद्या बदलीच्या वेळी किंवा आजारपणात रस्त्यावर सोडले जाते. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटके कुत्रे नोंदले गेले. त्यांतील बहुतेक रस्त्यावरच जन्मलेले असतात, हे खरे. पण घराबाहेर काढलेला प्रत्येक कुत्रा त्या संख्येत भर घालतो. त्याच्या निर्बीजीकरणाचा आणि लसीचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडतो, आणि उपासमार त्या मुक्या जिवाच्या वाट्याला येते.

शासनानेही याची दखल घेतली आहे. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करून विक्री करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. मादी किमान 18 महिन्यांची असावी, वर्षातून एकाहून अधिक वेळा आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेळा तिला पिले होऊ देऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकू नये, असे त्यांत सांगितले आहे. मात्र प्रत्येक सदनिकेत निरीक्षक पाठवणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. निर्णय शेवटी मालकाच्या विवेकावरच राहतो.

याचा अर्थ पैदास करणे सर्वस्वी निंद्य, असा नव्हे. निरोगी आणि शांत स्वभावाची पैदास कोणीतरी जाणतेपणाने केलीच पाहिजे; नाहीतर तो व्यवहार केवळ पैशाकडे पाहणाऱ्यांच्या हाती जाईल. परंतु त्यासाठी मालकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. मादी निकोप आणि स्वभावाने स्थिर आहे काय? मीलनापूर्वीच पुरेशी विश्वासू घरे ठरली आहेत काय? प्रसूती अवघड झाली, तर पैसा आणि सवड हाताशी आहे काय? आणि सर्वांत कठीण प्रश्न : दिलेले पिलू दोन वर्षांनी परत आले, तर त्याला आपल्या दारात जागा आहे काय?

पिलांचे कौतुक दोन महिन्यांचे असते. त्यांचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असते. या चारही प्रश्नांना निःशंक होकार देता येत नसेल, तर पशुवैद्याकडे जाऊन शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी. त्यात मादीवर कोणताही अन्याय होत नाही.