घोट्यावर भार: सहा आठवडे की दोन?

घोटा मोडला, प्लेट-स्क्रू बसले, की रुग्णाला बहुधा ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "सहा आठवडे पाय टेकवायचा नाही." लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला तर ही घरकैदच.

या सावधगिरीमागे कारण आहे. घोट्यात टॅलस नावाचं हाड नडगीच्या दोन हाडांच्या खोबणीत घट्ट बसतं. ते जेमतेम एक मिलिमीटर बाहेर सरकलं, तरी सांध्यातली स्पर्शाची जागा सुमारे ४२ टक्क्यांनी घटते, असं १९७६ साली रॅमसे आणि हॅमिल्टन या संशोधकांनी दाखवलं. तेवढाच भार मग निम्म्याहून थोड्याच जास्त जागेवर येतो आणि कूर्चा झिजते. पण शस्त्रक्रियेने खोबण घट्ट झाली असेल, तर पाय टेकवल्याने ती बिघडते का?

ब्रिटनमधल्या २३ रुग्णालयांत ४८० रुग्णांवर हे तपासलं गेलं. काहींनी दोन आठवड्यांनी पायावर भार द्यायला सुरुवात केली, काहींनी सहा आठवड्यांनी. निष्कर्ष २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: चार महिन्यांनंतर पाहिलं तर लवकर भार देऊ लागलेल्यांचा घोटा मागे नव्हता, गुंतागुंतीचं प्रमाणही साधारण सारखंच होतं. जखम भरायला दोन आठवडे द्यावेत. त्यापुढचा सक्तीचा आराम बऱ्याच जणांच्या बाबतीत अनावश्यक आहे, असं मला ठामपणे वाटतं. आरामाचीही किंमत असते: पोटरी वाळते, सांधा आखडतो, हाड विरळ होतं.

पण हे सर्वांना लागू नाही. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांना दुखणं कळतच नाही, त्यांना जास्त काळ जपावं लागतं. नडगीच्या खालच्या टोकाचा सांध्यातला भाग चुरला असेल, किंवा दोन हाडांना जोडणारे अस्थिबंध फाटले असतील, तर सर्जनचा निर्णय वेगळा असू शकतो.

भार देणं म्हणजे एकदम चालू लागणं नव्हे. आधी आधाराचा बूट आणि कुबड्या, मग हळूहळू वजन. किती किलो पडतंय ते वजनकाट्यावर पाय ठेवून शिकता येतं. उकिडवं बसायला घोटा बराच वाकावा लागतो, ते आणखी पुढचं. उजवा घोटा मोडलेल्यांनी गाडीची घाई मुळीच करू नये: ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला नऊ आठवडे लागल्याचं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

टाके काढायला जाल तेव्हा सर्जनला विचारा: "माझी जोडणी भार सोसेल इतकी घट्ट आहे का, आणि नसेल तर नेमकं कशामुळे?"