विळ्याच्या आकाराची पेशी : जीवशास्त्राच्या तीन पाठांचा एक धागा

पेशी, आनुवंशिकता आणि उत्क्रांती हे माध्यमिक शाळेतील जीवशास्त्राचे तीन आधार होत. पेशीच्या अंतरंगाची ओळख साधारणतः आठवीत होते, आनुवंशिकतेचा परिचय नववीत घडतो आणि उत्क्रांती दहावीत येते. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञान भाग २ या पुस्तकात पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा ठेवण्यात आला होता. क्रम योग्यच आहे. परंतु तीन वर्षांत विभागलेले हे पाठ विद्यार्थ्याच्या मनात बहुधा एकत्र येत नाहीत. पेशी म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याची आकृती, आनुवंशिकता म्हणजे मेंडेलचे वाटाणे आणि उत्क्रांती म्हणजे जिराफाची मान, एवढेच परीक्षेनंतर शिल्लक राहते.

हे तिन्ही विषय ज्यात एकवटले आहेत असे एक उदाहरण महाराष्ट्रात घरोघरच्या परिचयाचे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. पुस्तकी मराठीत त्यास दात्रपेशी पांडुरोग म्हणतात. दात्र म्हणजे विळा. नागपूर भागातील त्याच्या आढळाची नोंद १९५८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक असले तरी तो तेवढ्यापुरता मर्यादित नाही. अशा भागातील शाळेत वाटाण्यांपाशीच थांबणे म्हणजे दारातील विहीर सोडून नदीवर पाणी आणण्यास जाण्यासारखे आहे.

पेशीपासून आरंभ

माणसाची तांबडी रक्तपेशी गोल, चपटी आणि मध्यभागी दबलेली असते. तिचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सातआठ पट, म्हणजे सातआठ मायक्रॉन इतका असतो. ती लवचिक असल्याने स्वतःहून अरुंद केशवाहिनीतूनही वाकून पुढे जाते. तिच्यात हिमोग्लोबिन हे प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन ठासून भरलेले असते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू सोडल्यानंतर या प्रथिनाचे रेणू एकमेकांस चिकटून त्यांचे लांब ताठर धागे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी केशवाहिन्यांत अडकतात, तेव्हा हातापायांत, पाठीत, छातीत असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रुग्णाच्या शरीरात रक्ताची कमतरता कायम राहते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारील की, तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, मग दोष येतो कोठून? हा प्रश्न शिक्षकाने टाळू नये. या पेशी अस्थिमज्जेत तयार होताना केंद्रक असते. प्रथिन बनविण्याचा आदेश तेव्हाच दिला जातो, आणि केंद्रक मागाहून बाहेर टाकले जाते. आदेश चुकीचा असेल तर पेशीत भरला जाणारा मालही तसाच निघतो. हा आदेश अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. त्यातील केवळ एका अक्षराच्या बदलाने, ‘ए’च्या जागी ‘टी’ आल्याने, १४६ अमिनो आम्लांच्या साखळीतील सहावे अमिनो आम्ल बदलते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार असल्याचे दाखविले. पुढे सातआठ वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी बदललेले नेमके अमिनो आम्ल शोधून काढले.

मडकी आणि चिंचोके

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक असते व सहसा तिला त्रास नसतो. दोन्ही प्रती सदोष असल्यास आजार होतो. हे समजावण्यास चिंचोके पुरेसे आहेत. निम्म्या चिंचोक्यांना चुना लावून सुकवावे आणि दोन मडक्यांत पांढरे व काळे समसमान घालावेत. एक मडके वाहक पित्याचे, दुसरे वाहक मातेचे. न पाहता प्रत्येकातून एकेक चिंचोका काढावा, जोडी फळ्यावर नोंदवावी आणि चिंचोके परत टाकावेत. शंभर वेळा हे केल्यास दोन्ही पांढरे, दोन्ही काळे आणि मिश्र अशा जोड्या अनुक्रमे २५, २५ आणि ५० च्या आसपास येतात.

मात्र पहिल्या चारच जोड्यांवर वर्गाला थांबवून दाखवावे. त्यांत कधी एकही पांढरी जोडी नसते, कधी दोन असतात. ‘चारांतील एक मूल आजारी’ या वाक्याचा अर्थ, पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा अनेक कुटुंबांत घेतला जातो. तो चुकीचा आहे. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मडक्यात हात नव्याने घातला जातो. दुसरी गोष्ट, दोन्ही पांढऱ्या चिंचोक्यांपैकी एक नेहमी पित्याच्या मडक्यातील असतो. आजारी मुलाचा दोष सुनेच्या माथी मारण्याची रीत जेथे आहे, तेथे एवढा प्रयोगही पुष्कळ काही सांगून जातो. जीभ वळविता येते की नाही, हे काही ठिकाणी आनुवंशिकतेचे उदाहरण म्हणून शिकविले जाते. त्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचे आहे, कारण एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला जीभ वळविता येते व दुसऱ्याला येत नाही, असे आढळलेले आहे.

जनुक टिकले कसे?

आता उत्क्रांतीकडे. पूर्वी असे रुग्ण बहुधा बालपणीच दगावत. मग हे जनुक केव्हाच नाहीसे का झाले नाही? याचे उत्तर चिंचोक्यांनीच काढता येते. समाजातील दर पाच प्रतींपैकी एक सदोष आहे असे धरू. शंभर मुलांत ६४ पूर्ण निर्दोष, ३२ वाहक आणि ४ रुग्ण येतील. रुग्णांपासून संतती झाली नाही तर पुढील पिढीत सदोष प्रत पाचांतील एक न राहता सहांतील एक, मग सातांतील एक, अशी उतरत जाईल. विसाव्या पिढीतही ती पंचविसांतील एक इतकी असेल, कारण ती वाहकांत सुरक्षित राहते.

आता त्याच गावात हिवताप आणावा. ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले की, वाहकांना घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. त्याआधी थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तदोषाविषयी असाच तर्क जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडला होता. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन येथेच स्थायिक झाले. समजा, ६४ निर्दोष मुलांपैकी चतुर्थांश, म्हणजे १६, हिवतापाने गेली. उरली ४८ निर्दोष आणि ३२ वाहक. त्यांच्या एकूण १६० प्रतींत सदोष ३२, म्हणजे पुन्हा पाचांतील एक! जनुक जागचे हलत नाही. नैसर्गिक निवड विद्यार्थ्यांना फळ्यावर अशी घडताना दिसते. हिवतापाने हे जनुक निर्माण केले नाही; बदल आपोआप घडला, हिवतापाने तो टिकविला, हा भेद येथे आवर्जून सांगावा. जंगलपट्टीत हिवतापाचा आणि या जनुकाचा वावर एकत्र का आढळतो, तेही यातून उलगडते.

वर्गातील पथ्ये

हा पाठ शिकविताना एक मर्यादा पाळणे अत्यावश्यक आहे. कोणत्याही विद्यार्थ्याला त्याचा तपासणीचा निष्कर्ष वर्गात विचारू नये, अथवा त्याच्या घरची वंशावळ फळ्यावर काढू नये. वंशावळ काल्पनिक कुटुंबाची असावी. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. वाहक व निर्दोष यांच्या विवाहातून आजारी मूल जन्मत नाही. हे न समजल्यामुळेच ठरलेली लग्ने मोडतात आणि मुली तपासणी टाळतात.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. येथे निर्मूलन याचा अर्थ आजारी मुलांचा जन्म टळणे असा घ्यावयाचा. जनुक तर वाहकांत राहणारच, हे वरील हिशेबावरून स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत या आजाराचा समावेश झाला असून प्रमाणपत्र मिळविण्यासाठी पालकांना ग्रामपंचायत सदस्यांनी साहाय्य करावयास हरकत नाही.

शाळेपुरते बोलावयाचे तर काही गोष्टींना निधी लागत नाही. शरीरातील पाणी कमी होणे, कडाक्याची थंडी आणि अतिश्रम यांनी रुग्णाच्या वेदना उफाळतात. अशा विद्यार्थ्याला तासाच्या मध्येच पाणी पिण्यास व लघवीस जाऊ द्यावे, हिवाळ्यातील सकाळच्या कवायतीत त्याला स्वेटर काढावयास लावू नये, आणि धावण्याच्या शर्यतीत तो मध्येच बसला तर त्याची आळशी म्हणून नोंद करू नये. ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे दिसताच त्याला पालकांची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.