बी नसलेल्या केळीचा वंश

केळीचे जे खोड दिसते, ते खरे खोड नव्हे. एकात एक घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या तळांचा तो दांडा असतो. खरे खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. कंदावरच्या डोळ्यांतून मुनवे फुटतात, स्वतःची मुळे धरतात आणि घड उतरल्यावर मूळ झाड मरते तेव्हा त्याची जागा घेतात. खानदेशातला पिलबाग, म्हणजे पहिल्या पिकानंतरचे पुढचे पीक, उभा राहतो तो अशा मुनव्यांवरच. परागीभवन नाही, फलन नाही, बी नाही. हेच अलैंगिक प्रजनन.

अमीबा दुभंगून दोन होतो, यीस्टला कळी फुटते, पानफुटीच्या पानाच्या कडेवर रोपे उगवतात, उसाच्या कांडीच्या डोळ्यातून नवा ऊस येतो. रीती निराळ्या, पण या सर्वांमागे सूत्री विभाजन असते. पेशी दुभंगण्यापूर्वी गुणसूत्रांची प्रत तयार होते आणि दोन्ही पेशींना एकसारखा संच मिळतो. म्हणून मुनवा मूळ झाडाची जनुकीय प्रतिकृती ठरतो.

केळीला दुसरा मार्गही फारसा उरलेला नाही. खाण्याच्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे तीन संच असतात. बीजपेशी घडताना संचांच्या जोड्या लागाव्या लागतात. तीन संचांची समान वाटणी होत नाही आणि बी धरत नाही. फळ मात्र फलनाशिवायही भरते. फळातले बारीक काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच लाभ. चांगल्या झाडाचा गुण पुढच्या पिढीत जसाच्या तसा उतरतो. पण दोषही तसाच उतरतो, आणि ही बाजू अधिक गंभीर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जागतिक व्यापार ग्रोस मिशेल या एकाच वाणावर उभा होता. मातीतल्या फ्युजेरियम बुरशीमुळे होणाऱ्या पनामा मर रोगाने मध्य अमेरिकेतले मळे उजाड केले, कारण एक झाड बळी पडणारे असेल तर सगळीच तशी. १९५० ते १९६० च्या दशकांत त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. जळगावची ग्रँड नैन याच गटातली. या बुरशीचा टीआर-४ हा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो भारतातही पोचला आहे.

विषाणूही मुनव्यांतून पुढे जातात. ऊतिसंवर्धित रोपांनी हा धोका कमी होतो, मात्र मूळ झाड तपासून घेतलेले असेल तरच. जनुकीय एकसारखेपणा त्यानेही मोडत नाही. प्रतिकारक वाण पैदा करण्यासाठी संशोधकांना पुन्हा बिया धरणाऱ्या रानटी केळींकडेच जावे लागते.