अर्थ कोणी सांगायचा?

आमच्या जऊळक्यात चातुर्मासात पोथी लागली की एकजण ओवी वाचतो व दुसरा तिचा अर्थ सांगतो. सांगणारा मनचे सांगत नाही, गुरुमुखातून ऐकलेलेच सांगतो, अशी श्रोत्यांची श्रद्धा असते. तरी एखादी म्हातारी मध्येच विचारते, “बुवा, हे पोथीत हाये का तुमच्या पदरचं?”

हाच प्रश्न पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती चर्चला विचारला होता.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाईंनी व चिमुकल्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. तेथील अँग्लिकन धर्मभगिनींनी दोघींना आसरा दिला होता. त्यांपैकी सिस्टर जेरल्डाइन यांच्याशीच पुढे बाईंचा वाद जुंपला. पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त बाईंना बायबलात स्पष्ट सापडेना. चर्च सांगते म्हणून माना, हे उत्तर पटेना. शास्त्रीमंडळींचे जोखड नुकतेच मानेवरून उतरविलेले. मग दुसरे का घ्यावे? मनोरमेला काय शिकवावे, यावरूनही खटके उडाले. परका मुलुख, दुसऱ्याचा आश्रय, पदरात मूल, आणि तरी ही बाई मागे हटली नाही! हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने निघाला. तो मुळातून वाचण्याजोगा आहे.

वाचकहो, दुसरी बाजूही लेचीपेची नव्हे. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले. बाईंच्या बाप्तिस्म्याच्या निर्णयामागे त्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. गोरे मात्र चर्चच्या परंपरेचे अभिमानी. परंपरावादी विचारतात, बायबल काय आकाशातून पडले? त्यात कोणते ग्रंथ घ्यायचे हे चर्चनेच ठरविले ना? आजही कॅथलिक बायबलात ७३ ग्रंथ आहेत, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलात नाही, हे ते मान्य करतात, पण इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेपासून चर्चने जे विचारपूर्वक ठरविले ते एका वाचकाच्या शंकेने कसे मोडावे, हा त्यांचा सवाल आहे.

बाईंनी याला कृतीने उत्तर दिले. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणले. मला मात्र येथेच गंमत वाटते. मूळ शब्दाला मराठी शब्द निवडणे म्हणजे अर्थ सांगणेच की! आणि त्यासाठी उघडावे लागणारे कोश व व्याकरणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्वानांनी रचलेली. परंपरा दारातून घालविली तरी कोशाच्या पानांतून परत येते.

म्हणून परंपरेचे ऋण मानावे. प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र तिच्याकडे गहाण टाकू नये.

एप्रिल १९२२ मध्ये बाई निवर्तल्या. त्यांचे बायबल १९२४ साली केडगावच्या मुक्तिसदनातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविले ते तेथल्या बायकांनी आणि मुलींनी. वेदाचे अक्षर कानी पडू नये म्हणून ज्यांना दूर बसविले जाई, त्यांच्याच बोटांना आता धर्मग्रंथाची शाई लागली होती.