सूर्य बसवायचा कुठे, कौलात की पॅनेलात?

इटलीतल्या पॉम्पेईमध्ये वेत्ती बंधूंचा वाडा आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडला गेलेला आणि पुढे उकरून काढलेला. त्याच्या छपरावर आज चक्क वीज तयार होते! विचेंझाजवळच्या डायाक्वा कंपनीने रोमन धाटणीची कौलं बनवली आहेत. बघायला ती भाजलेल्या मातीची, पण असतात पॉलिमरची. पृष्ठभागातून ऊन आत झिरपतं आणि पोटातल्या सौर सेलवर पडतं. खालून बघणाऱ्याला फरक ओळखणं अवघड.

हे वाचून रत्नागिरीच्या किंवा फोंड्याच्या कौलारू घरात राहणाऱ्याच्या मनात इच्छा जागी होणारच. आपल्याकडेही असं का नको? इच्छा अगदी रास्त आहे. कौलांवर काळे चकचकीत पॅनेल चढले की घराचं रूप पालटतं, हे मलाही खुपतं. तरी आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी मी पॅनेलच्याच बाजूने आहे. का, ते पुढच्या मजेदार गोष्टींतून कळेल.

छप्पर 140 वर्षं जुनं

छपरावर सौरवीज ही कल्पना अलीकडची वाटते ना? 1884 मध्ये चार्ल्स फ्रिट्सने न्यूयॉर्कमधल्या एका छपरावर सेलेनियमचे सेल मांडले होते, वर सोन्याचा पातळ थर देऊन. उन्हातली जेमतेम एक टक्का शक्ती विजेत उतरायची. सिलिकॉनचा कामाचा सेल 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झाला, तो सहा टक्क्यांचा. आज घरावर बसणारं चांगलं पॅनेल 20 ते 22 टक्के देतं.

ज्या वर्षी एकाने गाशा गुंडाळला

अमेरिकेतल्या डाऊ या बड्या रसायन कंपनीने 2011 मध्ये सौर कौलं बाजारात आणली आणि 2016 मध्ये तो धंदा बंद केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एलॉन मस्क यांनी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत, एका टीव्ही मालिकेच्या सेटवरच्या घरांवर टेस्लाचं काचेचं सौर छप्पर दाखवलं. त्या छपरातलं प्रत्येक कौल वीज बनवत नाही. काही कौलांत सेल असतात, बाकीची नुसती त्यांच्या जोडीला शोभणारी.

पण सौर कौलांची ओढ अमेरिकेतच एवढी का? तिथल्या बहुतेक घरांवर डांबरी शिंगल असतात आणि त्या साधारण 20-25 वर्षांनी उतरवून नव्या घालाव्या लागतात. छप्पर बदलायचंच आहे, तर विजेचं घालू, हा हिशेब तिथे बसतो. आपल्याकडे स्लॅबची गच्ची बदलत नाही. मंगलोरी कौल तर पिढ्यान् पिढ्या टिकतं. पावसाळ्याआधी शाकारणी केली, फुटकी बदलली, की झालं. धडधाकट छप्पर उतरवून काचेचं घालायचं, म्हणजे खर्चही गेला आणि चांगली कौलंही गेली. माझ्या मते निवडीचा सगळा गाभा इथेच आहे.

सहा विरुद्ध सेहेचाळीस

आता जरा मोजदाद करू. एक पॅनेल सुमारे 550 वॅटचं, घराच्या दारापेक्षा मोठं, वजन 28 किलोच्या आसपास. सहा पॅनेल मांडले की 3.3 किलोवॅट. टेस्लाचं एक सौर कौल साधारण 72 वॅटचं. तेवढीच वीज हवी तर कौलं लागतात 46. म्हणजे जोडही तितके, आणि प्रत्येक जोड छपराच्या पोटात. पॅनेल बिघडलं तर नट सैल करून उतरवता येतं. कौलांत आधी बिघडलेलं कुठलं ते हुडकायचं, मग शेजारची उचलायची. कोकणात छपरावरून वानरांची टोळी कशी धावते ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना या 46 जोडांची काळजी वेगळी सांगायला नको.

वजनाचं काय? मंगलोरी कौलांचा भार चौरस मीटरला 40 किलोच्या घरात जातो, पॅनेलचा जेमतेम 11-12 किलो. वासे आणि आढं निरोगी असतील तर हा भार ते पेलतात. कौलाखालून वाशाला पक्के हुक अडकवून त्यावर पट्ट्या बसवतात. मात्र आधी जाणत्या सुताराकडून लाकूड ठोकून बघून घ्या. वाळवी लागलेल्या वाशावर पॅनेल चढवायचं नाही म्हणजे नाही.

उन्हाला ऊन सोसत नाही

सौर सेलला उजेड हवा, उष्णता नको! 25 अंशांच्या वर सेल जसजसा तापतो, तसतशी त्याची शक्ती दर अंशामागे साधारण 0.35 टक्के घटते. अकोल्याच्या मे महिन्यात सेल 65 अंशांवर गेला, की 14 टक्के वीज तिथेच गेली. पॅनेलखाली मोकळी हवा खेळते, म्हणून ते थोडं तरी निवतं. छपराला चिकटलेल्या कौलाला ती सोय कमी.

गच्चीवर सात-आठ फूट उंच सांगाडा उभारला तर आणखी फायदे. खाली सावली मिळते, वरच्या मजल्याचा स्लॅब कमी तापतो आणि सावलीत बसायला जागा होते. पापड-कुरडयांसाठी उरलेली गच्ची आहेच.

दुपाखी घराचं कोडं

आपल्याकडे पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं. गच्चीवर ते हवं तसं वळवता येतं. कौलाला मात्र छपराचा उतार असेल तीच दिशा. घराची पाखं उत्तर-दक्षिण असली तर दक्षिण पाख कमावतं. 30 अंश उताराच्या घरावर डिसेंबरच्या भर दुपारी उत्तर पाखावर पडणारं थेट ऊन दक्षिण पाखाच्या एक तृतीयांशच भरतं.

यातही एक गंमत आहे. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस याच काळाच्या दोन टोकांना येतात. म्हणजे तेव्हा उत्तर पाखाची चैन! पण नेमका निम्म्याहून जास्त काळ पावसाळी ढगांनी व्यापलेला.

गारा आणि वारा

पॅनेलच्या कसोटीत 25 मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा ताशी 83 किलोमीटर वेगाने काचेवर मारतात. काच टिकली पाहिजे. मराठवाड्यात गारपीट अनुभवलेल्यांना हे ऐकून धीर येईल. वाऱ्याची गोष्ट मात्र काचेवर नाही, सांगाड्यावर ठरते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगडात काय केलं ते आठवा. किनारपट्टीवर खारी हवा लोखंड खाते, म्हणून सांगाडा जाड थराचा गॅल्व्हनाइज्डच हवा. तिथे हात आखडू नका.

लाइट गेली की सोलरही गेलं

पुष्कळांना हे बसवल्यावर कळतं. बॅटरी नसलेली, महावितरणच्या तारेला जोडलेली यंत्रणा लाइट गेली की भर उन्हातही बंद पडते. कौल असो की पॅनेल. हे मुद्दाम केलेलं आहे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून. लाइट गेल्यावरही पंखे चालायला हवेत तर बॅटरीची जोड घ्यावी लागते.

पैशाचं बोलू

2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. अट अशी की पॅनेलही भारतीय हवं आणि आतले सेलही. परदेशी सौर कौलाला इथेच दार बंद. तीन किलोवॅटला 300 चौरस फूट मोकळी जागा पुरते आणि वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला 300 ते 360 युनिट मिळतात. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली, ती घरांवरच्या पॅनेलच्याच जोरावर.

मग सौर कौल कुणी घ्यावं? नव्याने घर बांधणाऱ्याने, ज्याचं छप्पर अजून कागदावर आहे आणि हात सढळ आहे. आणि जुने वाडे, चर्च, वारसा इमारतींसाठीही, जिथे रूप राखणं खरोखर मोलाचं आहे. पॉम्पेईने हीच वाट दाखवली. बाकी सगळ्यांनी पॅनेल घ्यावेत. कौलारू घरवाल्यांनी शक्यतो गोठ्याच्या, पडवीच्या किंवा अंगणातल्या मांडवाच्या पत्र्यावर चढवावेत. घराचं रूपही शाबूत राहील.

एकच विनंती. कंत्राटदाराला फोन करण्याआधी डिसेंबरात एक दिवस काढा. तेव्हा सूर्य दक्षिणेला सगळ्यात खाली असतो आणि सावल्या सगळ्यात लांब. सकाळी दहा, दुपारी बारा आणि तीन वाजता छपरावर नारळाची, टाकीची, शेजारच्या इमारतीची सावली कुठे पडते ते खडूने आखून ठेवा. पॅनेलमधले सेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे कोपऱ्यावरची सावलीसुद्धा बरीच वीज खाते. त्या रेघांच्या बाहेर उरेल तेवढीच तुमची खरी जागा.